हात उचलेल तो बाद

माझ्या अंगणात पडलेला ढीग वाळूचा होता. हे मी पोलीस शिपायाला सांगितलं, म्युनिसिपालिटीच्या इन्स्पेक्टरला सांगितलं, फौजदारांना सांगितलं आणि शेवटी रावसाहेबांनाही टोपी हातात घेऊन सांगितलं. प्रत्येकाने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग चिमूटभर उचलून जिभेवर ठेवून पाहिली. सरकारी कचेरीत डोक्यावरचे केस जाईपर्यंत इमानाने कारकुनी केलेल्या माणसाच्या शब्दापेक्षा लोकांचा स्वतःच्या जिभेवर जास्त विश्वास असावा, याचा मला जो संताप आला तो आजतागायत उतरलेला नाही.

मूळ गोष्ट एवढीच, की आमचा सदू चावत असे.

पोरगा एरवी वाईट नव्हता. वय पाच. संध्याकाळी रामरक्षा म्हणे, पानात टाकत नसे, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नसे. पण हरणं म्हणून त्याला सोसत नसे. लपंडावात त्याच्यावर राज्य आलं किंवा गोट्यांत डाव गेला की तो भांडत नसे, रडत नसे. जवळ जो हात दिसेल त्यात सरळ दात रोवत असे. पुढचा एक दात अर्धा मोडलेला असल्यामुळे त्याची खूण सहीसारखी ओळखू येई. आमच्या झाडगावातल्या आया पोरांना आंघोळ घालताना दंड तपासत आणि न्हाणीतूनच ओरडत, "गोदावैनी, हा तुमचा हो!"

आळीतल्या आळीत होतं तोवर मी दुर्लक्ष केलं. पण तीस सालच्या चैत्रात आमची ही रावसाहेबांकडे हळदीकुंकवाला गेली, ती सदूला घेऊन. रावसाहेब म्हणजे आमच्या कचेरीचे मुख्य. त्यांचा नातू बाबू सदूच्याच वयाचा. इकडे बायकांना डाळ आणि पन्हं मिळतंय तोवर तिकडे सदू गोट्यांत हरला आणि त्याने बाबूच्या गुबगुबीत दंडावर सही केली.

दुसऱ्या दिवशी रावसाहेबांनी मला आत बोलावलं. रागावले असते तर बरं झालं असतं. चष्मा पुसत म्हणाले, "मुळ्ये, घरी सगळे पोटभर जेवता ना?"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सल्ले मात्र पोटभर मिळाले. आमच्या डाव्या हाताच्या घरात येसूबाई राहतात. आळीत कुणाच्या घरी काय शिजतं आणि का करपतं हे त्यांना आधी कळतं. त्या म्हणाल्या, "जंत आहेत हो मेल्याला. वावडिंग द्या." दिलं. त्याने सदूची भूक वाढली. आता चावणाऱ्या मुलाची भूक वाढवणं हा उपाय झाला की अपाय, हे तुम्हीच सांगा. उजव्या हाताला रावजी शेवडे, पेन्शनीत निघालेले शाळामास्तर. ते दिवसभर मधल्या दगडी गडग्यावर कोपर टेकून आमच्या अंगणाकडे बघत उभे असतात. ते म्हणाले, "आप्पा, उलट चावा त्याला. एकदाच, पण मनापासून."

"बापाने चावायचं?"

"मग काय मी चावू? माझे दात कुठे आहेत?"

दोन फटके देऊन पाहिले होते, ते मी कबूल करतो. पण मारलेल्या दिवशी सदू दुप्पट चावतो, असा आमच्या हिचा अनुभव होता, आणि त्याचा पुरावा म्हणून तिने आपली करंगळी मला दाखवली.

अशात वसंत व्याख्यानांसाठी पुण्याहून एक बालशिक्षणाचे प्रोफेसर आले. मी नव्या विचारांचा माणूस आहे, पहिल्या रांगेत जाऊन बसलो. प्रोफेसर म्हणाले, मारून मूल मारकुटंच होतं. जे मूल चावतं, ओरबाडतं, ते हरायला भितं. त्याला हरायची सवय लावा, आणि ती खेळातच लागते. अंगणात वाळू टाका, आळीतली पोरं बोलवा. पडतील, रडतील, पुन्हा उठतील. नियम त्यांचे त्यांना करू द्या, तुम्ही मध्ये पडू नका. फार तर त्यांच्याबरोबर रांगा! बाप झाल्याने गुडघे झिजत नाहीत!

टाळ्या पडल्या. मी उभा राहून विचारलं, "वाळू कसली असावी?"

"स्वच्छ," प्रोफेसर म्हणाले. "पांढरी."

आणि दुसऱ्या दिवशीच्या बोटीने ते निघून गेले. सल्ला देणारी माणसं नेहमी दुसऱ्या दिवशीच्या बोटीने जातात.

परगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या रत्नागिरीला समुद्र दोन आहेत. म्हणजे पाणी एकच, पण मांडवीच्या बाजूची पुळण काळी म्हणून तो काळा समुद्र, आणि पलीकडच्या बाजूची पांढरी म्हणून तो पांढरा समुद्र. काळी वाळू घराजवळ होती. ती आणली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण प्रोफेसर पांढरी म्हणाले, म्हणून मी गंगाराम गाडीवानाला पलीकडे धाडलं. स्वतःही बरोबर गेलो. आणि हे कधी? तर ज्या महिन्यात सबंध हिंदुस्थानात समुद्राच्या काठावरून पांढरं काही उचलणं हा गुन्हा झाला होता त्या महिन्यात. मिठाचा सत्याग्रह चालू होता. खाली शिरोड्याला लोक जमणार अशी कुणकुण होती. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मुलाच्या दातांच्या काळजीत असलेल्या माणसाला मिठाची आठवण राहत नाही.

परत येताना वारा सुटला, तेव्हा गंगारामने गाडीवर गोणपाट टाकलं. रस्त्यात रावसाहेबांचा बंगला लागतो, तो टाळावा म्हणून मीच त्याला मागल्या वाटेने चल म्हणालो. नाक्यावर पोलीस शिपाई उभा होता.

"काय हाय गाडीत?"

"वाळू," मी म्हणालो.

"मग झाकली कशापायी?"

मी विचार करतोय तोवर गंगाराम बोलून मोकळा झाला, "वाऱ्यानं उडंल म्हनून वो. आनि आप्पा बोललं, मागल्या वाटनं चल, कोनाला दिसता नये."

शिपायाने माझ्याकडे पाहिलं. मी सरकारी नोकर आहे हे सांगितल्यावर त्याने आणखी निरखून पाहिलं. मग गोणपाटाखाली हात घालून चिमूट तोंडात टाकली. "खारट लागतंय."

"समुद्राची आहे. खारट लागणारच!"

"म्हंजे समुद्रावरनं खारट जिन्नस आणला, हे तुम्हाला कबूल हाय."

अशा तर्कशास्त्रापुढे कुठल्याही सुशिक्षित माणसाने काय बोलावं? त्याने माझं नाव टिपून घेतलं आणि गाडी सोडली.

ढीग अंगणात पडला न पडला तोच गडग्यावरून रावजी म्हणाले, "आप्पा, लोक मुलाला समुद्रावर नेतात. तुम्ही समुद्र मुलाकडे आणलात. छान!" येसूबाईंनी चिमूट चाखून आमटीला चालणार नाही असा निर्वाळा दिला. आणि दुसऱ्या सकाळी म्युनिसिपालिटीचा इन्स्पेक्टर आला, त्यानेही चिमूट चाखली. बांधकामाचं सामान परवानगीवाचून साठवलं म्हणाला. बांधकाम नाही, म्हटलं. मग काय आहे? खेळ. खेळासाठी परवानगी देण्याची आमच्याकडे पद्धत नाही, तो म्हणाला, आणि ज्याची परवानगी देता येत नाही ते उचलावं लागेल. पुष्कळ विचारविनिमय होऊन शेवटी तो ढीग मंगलकार्याचा तात्पुरता मांडव म्हणून मंजूर झाला. संध्याकाळी येसूबाई विचारायला आल्या, "मुंज का? मग आम्हाला सांगितलं नाहीत ते?"

आता खेळाकडे वळतो. आळीतली आठ-दहा पोरं जमली. मागच्या बाजूच्या गनी तांडेलाची नात मासूमा आपल्या धाकट्या भावाला, अस्लमला, कडेवर घेऊन आली. ती सात वर्षांची होती आणि आमच्या कचेरीतल्या कुणाहीपेक्षा तिच्या आवाजात जास्त हुकमत होती. येसूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अंगणात खेळेनात का, ओटीवर नकोत हो." मी नव्या विचारांचा असल्यामुळे हो ला हो केलं नाही, पण ओटीवर बोलावलंही नाही. आणि नवल म्हणजे रावसाहेबांचा बाबूसुद्धा आला. त्यांची मोलकरीण काशी त्याला फिरायला नेते, आणि काशीचं येसूबाईंशी फार गूळपीठ. तिकडे गप्पा आणि इकडे बाबू वाळूत, असा बेत जमला.

पहिल्या दिवशी वाळू डोळ्यांत गेली. दुसऱ्या दिवशी नाकात गेली. सदूने दोघांना चावलं. प्रोफेसरांनी मध्ये पडू नका म्हटलं होतं, पण रांगा असंही म्हटलं होतं. म्हणून तिसऱ्या दिवशी मी धोतराचा काचा मारून वाघ-शेळी खेळायला उतरलो. सदूला वाघ व्हायचं होतं. सगळ्यांनाच वाघ व्हायचं होतं. शेळी व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा शेळी मी झालो.

सरकारी कारकुनाने भर दिवसा अंगणात गुडघ्यांवर रांगत "में" करणं यात कमीपणा नाही, असं मी मनाशी दहादा म्हटलं. गडग्यावरून रावजी म्हणाले, "मान आणखी खाली, आप्पा. शेळी इतकी ताठ नसते." आमची ही पडवीत उभी होती. तिने पदर तोंडाला लावला होता. तो काळजीने लावला असावा, अशी माझी समजूत होती. मी मान खाली घातली, आणि त्या क्षणी वाघ आला आणि त्याने माझ्या पोटरीला कडकडून चावा घेतला.

"शेळी हरली!" सदू आनंदाने ओरडला.

दुसऱ्या दिवशी मी लंगडत कचेरीत गेलो. कुत्रं चावलं का, असं तिघांनी विचारलं, आणि एकाने पिसाळलेलं होतं का अशीही चौकशी केली. मी पडलो म्हणून सांगितलं. रावसाहेबांनी चष्म्यावरून माझ्या पोटरीकडे पाहिलं. त्या पाहण्यात माझ्या घरातल्या स्वैपाकाविषयी पुन्हा चौकशी होती. मी ठरवलं, येत्या रविवारी गंगारामला बोलवायचं आणि वाळू होती तिथे नेऊन टाकायची.

पण रविवार यायच्या आधीच एका संध्याकाळी मी घरी परतलो तर अंगणातून आवाज नव्हता. मी धावतच आत शिरलो. पाहतो तर सगळी पोरं वाळूच्या ढिगापुढे ओळीने मांडी घालून बसलेली. समोर फौजदार झालेली मासूमा, हातात माडाच्या झावळीचं ओलं पातं. ती एकेकापुढे जाई, पात्याचा एक सपकारा दंडावर देई आणि दरडावून विचारी, "ऊठतोस का नाय?"

"नाही! मीठ आमचं!"

"मार खाशील!"

"मारा!"

एक जण रडला. "रडला तो बाद," मासूमा म्हणाली. दुसऱ्याने चिडून तिचं पातं धरलं. "हात उचलला, बाद." अस्लमला वाळू खाल्ली म्हणून बाद केलं. शेवटी राहिले बाबू आणि सदू. दोघांच्याही डोळ्यांत पाणी तरंगत होतं. सदूचे ओठ गच्च मिटलेले, कान तांबडे. सपकारा बसला. मासूमाचं मनगट त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. सदूने ते मनगट पाहिलं. नीट पाहिलं. मग डोळे मिटले.

तेवढ्यात बाबूला हुंदका फुटला. सदू जिंकला. त्याने दोन्ही ओंजळींनी वाळू उचलून डोक्यावर उधळली आणि मला पाहून धावत आला. "बाबा, मी चावलो नाही! मला चावायचं होतं, पण चावलो नाही!"

मी त्याला उचलून घेतलं. आणि मग, एखाद्याला जेवताना कचेरीची वेळ झाल्याची आठवण व्हावी तशी, मला आठवण झाली की मी सरकारी नोकर आहे, आणि माझ्या अंगणात आत्ता कायदेभंग चालला होता.

त्याच सकाळी कचेरीत हुकूम वाचून दाखवला होता, की नोकरांनी आणि त्यांच्या घरच्यांनी चळवळीपासून लांब राहावं. मी मुलांना गोळा केलं. म्हटलं, खेळ चांगला आहे, पण मिठाऐवजी साखर म्हणा.

"साखरेला कोण अडवतो?" मासूमा म्हणाली.

"बरं, फौजदाराऐवजी वाघ करा."

"वाघासमोर कोण बसून राहील? वाघ खातो."

"मग मास्तर करा!"

यावर पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबू म्हणाला, "मास्तरांनी मारलं की आम्ही खरंच रडतो." गडग्यावर रावजींनी घसा खाकरला.

मी गनी तांडेलाकडे तक्रार घेऊन गेलो. म्हातारा दारात जाळं शिवत बसला होता. जन्मभर त्याने मचवे हाकले, वादळं पाहिली. माझं सगळं ऐकून म्हणाला, "आप्पा, दर्यावर मी कोनाचा ऐकला नाय. पन घरात तिचा ऐकतो. तुमाला काय सांगायचा तो तिलाच सांगा."

शेवटी मी आमच्या हिच्याकडे दाद मागितली. रोज खेळ चालला होता. सदू कधी जिंके, कधी बाद होई. बाद झाला की नाक पुसून बाजूला बसे आणि ओरडे, "परत!" गोट्यांत हरला तरी "परत." परवा तर अस्लमने त्याच्या पाठीत बुक्की मारली, तेव्हा याने त्यालाच सांगितलं, तू बाद. आळीतल्या न्हाण्यांतून हाका येणं बंद झालं होतं. हे सगळं मलाही दिसत होतं. तरी मी म्हटलं, "अगं, माझी नोकरी जाईल!"

ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मुलगा चावायचा थांबलाय. आता सरकार चावलं तर बघू."

आणि फौजदार आले.

कुणी कळवलं हे मी सांगत नाही. नाक्यावरच्या शिपायाने नाव टिपलं होतंच. शिवाय रावजी बाजारात रोज दोन तास बसतात. फौजदार घाटावरचे, दणकट, मिशा राखलेले. फाटकातूनच म्हणाले, "मुळ्ये तुम्हीच का? हितं मिठाची चळवळ चालते म्हणं."

"साहेब, वाळू आहे."

त्यांनी वाकून चिमूट घेतली, चाखली आणि थुंकली. चेहरा जरा सैल झाला. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण तोवर पोरांनी त्यांना पाहिलं होतं.

"खरा फौजदार आला!" अशी एकच आरोळी उठली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळी ओळीने मांडी घालून बसली. मासूमा अदबीने पुढे झाली आणि झावळीचं पातं तिने फौजदारांच्या हातात दिलं. "आज तुमी घ्या. मी मिठवाली होते." फौजदारांनी ते घेतलंसुद्धा. घेतल्यावर त्यांना कळलं की आपण काय घेतलं.

गडग्यावर रावजी. त्यांच्याशेजारी येसूबाई आणि काशी. मागे आळीतली निम्मी माणसं.

"उठा रं पोरांनो," फौजदार म्हणाले.

"नाही! मीठ आमचं!"

"ही वाळू हाय!"

"खेळात मीठ आहे," सदूने समजावून सांगितलं.

"मग खेळ बंद."

"मारा!"

फौजदारांनी हातातल्या पात्याकडे पाहिलं आणि ते पाठीमागे धरलं. मग मिशीवरून हात फिरवून त्यांनी सदूला बगलेत हात घालून उचललं. सदूने अंग सैल सोडलं, ओल्या पंच्यासारखं. त्याचं तोंड फौजदारांच्या केसाळ मनगटाला अगदी टेकलं. सरकारी अंमलदारावर, तो कामावर असताना, दातांनी हल्ला! मला तुरुंग दिसला. मला आमची ही भाजी विकताना दिसली. मी डोळे गच्च मिटून घेतले.

किंकाळी आली नाही. डोळे उघडले तर सदू गाल फुगवून, ओठ मिटून लोंबत होता. फौजदारांनी त्याला फाटकाशी नेऊन ठेवलं आणि बाबूला उचलायला वळले. तोवर सदू परत येऊन ओळीत बसला. बाबूला ठेवून अस्लमला उचललं, तोवर बाबू परत. असं बराच वेळ चाललं. वैशाखाचं ऊन होतं. फौजदारांच्या कोटावर पाठीमागे घामाचा नकाशा उमटला. रावजी म्हणाले, "साहेब, गुडघ्यातून वाका, कमरेतून नको."

शेवटी फौजदार कंबरेवर हात ठेवून धापा टाकत उभे राहिले. मासूमाने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि निकाल दिला, "फौजदार दमला. फौजदार बाद."

पोरं उठली, चड्ड्या झटकल्या आणि विहिरीवर हातपाय धुवायला निघून गेली.

फौजदार आमच्याकडे दोन तांबे पाणी प्यायले. जाताना म्हणाले, "मुळ्ये, रिपोर्ट तर द्यावा लागंल. ढीग वाळूचा हाय असं लिहितो. पण पोरं उठली न्हाईत, हे बी लिहावं लागंल. मला खोटं लिहिता येत न्हाई." माझ्यासारख्या गरिबाच्या वाट्याला नेमका सत्यवचनी फौजदार यावा, यापरतं दुर्दैव कुठलं?

रिपोर्ट रावसाहेबांपर्यंत पोचला. दोनच दिवसांनी त्यांनी मला आत बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. टेबलावर कागदाची एक पुडी उघडी होती.

"हे बाबूच्या खिशात निघालं. काय आहे?"

"वाळू, साहेब."

रावसाहेबांनी चिमूट जिभेवर ठेवली, रुमालात थुंकली. "हं. वाळू आहे."

मी राजनिष्ठेचं भाषण पाठ करून गेलो होतो, ते सुरू केलं. पहिल्या वाक्यालाच त्यांनी हात वर केला.

"सरकारचं राहू द्या हो, मुळ्ये." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "काल बाबूने माझी दौत पालथी केली. मी छडी काढली. आजवर काय होई, की मी छडीकडे नुसतं पाहिलं तरी पोरगा रडे, तो रडला की त्याची आजी धावून येई, आणि प्रकरण मिटे. त्याचा बाप असाच वाढला. आमचं घर असंच चाललंय. काल हा काय करतो? खाली मांडी घालून बसतो, डोळे मिटतो, आणि म्हणतो, 'मारा, आजोबा.'"

"मग, साहेब?"

"मग काय? मारली एक, हळूच. रडेना! म्हणतो, 'आणखी मारा, मी अजून बाद नाही झालो.' दारात त्याची आजी उभी. सून उभी. ती काशी उभी. आणि माझ्या हातात छडी!" रावसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मुळ्ये, सरकारकडे तुरुंग आहेत, पलटणी आहेत. सरकार निभावून नेईल. मी काय करू? माझ्याकडे एकच छडी आहे!"

सहानुभूती दाखवावी तर आगाऊपणा, आणि हसावं तर नोकरी.

"तुम्ही त्याला सांगा," ते म्हणाले. "उद्यापासून पूर्वीसारखं रडायचं."

"साहेब, ते माझ्या हातात नाही. नियम मासूमा करते."

"कोण मासूमा?"

"गनी तांडेलाची नात. सात वर्षांची आहे."

रावसाहेबांनी पुडीची घडी घातली. मग लेखणी उचलून म्हणाले, "तिची बदली मला करता येत नाही. तुमची येते."

मंडणगड! जिल्ह्याच्या पार उत्तरेच्या टोकाला, डोंगरात. तिथून ना काळा समुद्र दिसत, ना पांढरा. "हवा चांगली आहे," रावसाहेब सही करताना म्हणाले. "मुलाला मानवेल." काय माझा गुन्हा? मुलाने चावू नये असं वाटलं, हा? की ते मूल चावायचं थांबलं, हा? चोरांच्या बदल्या होत नाहीत, लाचखाऊंच्या होत नाहीत, आणि अंगणात शेळी झालेल्या माणसाला डोंगरात पाठवतात!

असा धुमसत मी घरी आलो. पडवीत पाय ठेवतो तो सदू समोर. माझा कचेरीत घालायचा दुसरा काळा कोट त्याने अंगात चढवला होता. कोटाच्या बाह्या आणि पुढची टोकं वाळूतून ओढून पांढरी झालेली. आज त्याच्यावर फौजदाराचं राज्य होतं. माझं डोकं फिरलं. ज्या कोटावर मंडणगडला अब्रूने हजर व्हायचं तो कोट! सगळ्या महिन्याचा संताप उजव्या हातात उतरला आणि हात वर गेला.

सदू तिथल्या तिथे खाली बसला. कोटासकट मांडी घातली, डोळे मिटले.

"मारा, बाबा."

गडग्यावर रावजींचे कोपर हलले नाहीत. पलीकडे येसूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. माझा हात वरच राहिला. खाली आणावा तर मार बसणार, आणि न मारता खाली आणावा तर आळीने पाहिलेलं. तो तसाच किती वेळ धरून ठेवावा हेही कळेना, कारण खांदा भरून आला होता.

सदूने एक डोळा उघडला. "मारताय ना, बाबा? नाहीतर मी जातो. मासूमा थांबलीय."

तेवढ्यात माजघराच्या दारातून आमची ही बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, मग हाताच्या वर पडवीच्या फळीकडे पाहिलं.

"अहो, हात वर गेलाच आहे तर ती ट्रंक तेवढी खाली काढा," ती म्हणाली. "मंडणगडला जायचंय ना? काशी मघाशीच सांगून गेली."

मी ट्रंक काढली.